तीन चुका आणि एक कुलूप

संगणक कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांना पुढील प्रसंग ओळखीचा वाटेल. एका महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेची सकाळ होती. कक्षातल्या संगणकांवर लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला मध्यवर्ती संगणकावर स्वतःचे खाते दिलेले होते आणि खात्याचे नाव म्हणजे त्याचा वर्ग व हजेरी क्रमांक. परीक्षा सुरू झाली आणि तीसपैकी अकरा मुलांना संगणक आत घेईना. पासवर्ड बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी नकार. चौकशीअंती कळले की आदल्या संध्याकाळी कोणीतरी गंमत म्हणून एकामागून एक हजेरी क्रमांक घालून प्रत्येकापुढे तीन-तीन वेळा काहीबाही टंकून ठेवले होते. तीन चुका झाल्या की खाते बंद, आणि व्यवस्थापकाने उघडेपर्यंत ते बंदच, असा तिथला नियम होता. व्यवस्थापक त्या दिवशी रजेवर होते. साहाय्यकाने त्यांना फोनवर विचारून एकेक खाते उघडेपर्यंत पाऊण तास गेला. अकरा जणांतली एक मुलगी शेवटपर्यंत म्हणत होती, “सर, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

तिचे काहीही चुकले नव्हते. कोणाचा पासवर्ड फुटलाही नव्हता. कागदोपत्री पाहिले तर सुरक्षा व्यवस्थेने आपले काम चोख बजावले होते.

पुस्तकांचे परीक्षण होते, शैक्षणिक साधनांचे होते, तसे नियमांचेही व्हावे असे आम्हांला वाटते. या लेखात आम्ही या एका नियमाचे परीक्षण करणार आहोत. तो सर्वत्र आढळतो, वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही.

नियम काय आहे?

युनिक्सचे जुने प्रवेशद्वार अगदी साधे होते. नाव विचारायचे, पासवर्ड विचारायचा, जुळले नाही तर ‘लॉगिन इनकरेक्ट’ असे सांगून पुन्हा नाव विचारायचे. नाव चुकले की पासवर्ड, हे ते सांगत नसे, आणि ते योग्यच होते. चोराला अर्धे उत्तर फुकट का द्यावे?

चुका मोजून खाते बंद करण्याची सोय नंतर आली. आज बहुतेक लिनक्स प्रणालींवर हे काम ‘पॅम फेललॉक’ नावाचा आज्ञावलीचा एक छोटा भाग करतो. २०२० साली त्याने ‘पॅम टॅली’ या जुन्या भागाची जागा घेतली. प्रत्येक खात्याच्या नावे तो एक नोंद ठेवतो. मुद्दाम काही बदलले नाही तर त्याचा हिशेब असा : पंधरा मिनिटांच्या आत लागोपाठ तीन चुका झाल्या की खाते ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे बंद. ही मुदत व्यवस्थापकाला वाढवता येते. वर सांगितलेल्या महाविद्यालयात होते तसे, आपण हाताने उघडेपर्यंत बंद, असेही ठेवता येते.

नियमामागचा विचार

विचार सरळ आहे. चोराला पासवर्ड माहीत नाही, तो अंदाज करणार. मग अंदाजांची संख्याच मर्यादित केली की झाले.

हा विचार कुठे उत्तम चालतो ते मोबाइलच्या सिमकार्डावर दिसते. सिमचा पिन चार अंकी असेल तर शक्यता १०,०००. तीन चुकांनंतर सिम बंद पडते आणि उघडण्यासाठी वेगळा, लांब क्रमांक लागतो. म्हणजे चोराला यशाची संधी १०,००० मध्ये ३. एवढ्या लहान गुप्त संख्येला एवढे संरक्षण मिळते ते केवळ मोजणीमुळे. याचे श्रेय नियमाला द्यायलाच हवे.

पण एक फरक लक्षात घ्यावा. सिमवर चुकीचा पिन टंकायचा तर ते सिम आधी हातात असावे लागते. गावातला कोणीही उठून तुमचे सिम बंद पाडू शकत नाही. युनिक्समधले खाते मात्र हातात धरायची वस्तू नव्हे. ते एक नाव आहे, आणि नाव गुप्त नसते. ते हजेरीपटावर असते, ईमेलच्या पत्त्यात असते. ज्याला नाव माहीत आहे त्याला त्या नावापुढे तीन चुका करता येतात. म्हणजे सिमच्या बाबतीत जे कुलूप मालकाच्या खिशात होते, ते इथे रस्त्यावर टांगलेले आहे आणि ज्याला वाटेल त्याने येऊन ते दाबून बंद करावे!

गंमत अशी की हा धोका नियम तयार करणाऱ्यांनाही माहीत होता. मुद्दाम सांगितल्याशिवाय पॅम फेललॉक ‘रूट’चे, म्हणजे सर्वाधिकारी व्यवस्थापकाचे खाते बंद करत नाही. कारण उघड आहे : तेच बंद पडले तर बाकीची उघडणार कोण? व्यवस्थापकाला ही सवलत मिळाली, हजेरी क्रमांक सतराला मिळाली नाही.

इतिहास काय सांगतो?

१९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्ड-सुरक्षेची हकीकत सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड जमवून तपासले. त्यांत १५ पासवर्ड एकाच अक्षरचिन्हाचे होते, ७२ दोन चिन्हांचे, ४६४ तीन चिन्हांचे, ४७७ चार अक्षर-अंकांचे, ७०६ पाच अक्षरांचे आणि ६०५ सहा लहान अक्षरांचे. आणखी ४९२ पासवर्ड निरनिराळ्या शब्दकोशांत सापडले. सगळे मिळून २,८३१, म्हणजे ८६ टक्के पासवर्ड सहज शोधता येण्याजोगे निघाले.

यावर त्यांनी सुचवलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. पासवर्डचे कूटरूप करण्याची क्रिया मुद्दाम सावकाश करावी, म्हणजे प्रत्येक अंदाजाला वेळ लागेल. प्रत्येक पासवर्डमध्ये १२ बिटांची एक यादृच्छिक भर घालावी, म्हणजे एकाच शब्दाची ४,०९६ निरनिराळी कूटरूपे होतील आणि चोराला एकदा केलेले काम सर्वांवर वापरता येणार नाही. या भरीला त्यांनी ‘मीठ’ असे नाव दिले आणि ते आजतागायत टिकले आहे. शिवाय लोकांनी बरे पासवर्ड निवडावेत म्हणून आग्रह धरावा. तिन्ही उपायांचा रोख अंदाज महाग करण्याकडे आहे. मालकाला बाहेर ठेवण्याकडे एकाचाही नाही.

दुसरी घटना २ नोव्हेंबर १९८८ ची. त्या दिवशी इंटरनेटवर एक ‘कृमी’ सुटला आणि युनिक्सच्या हजारो यंत्रांत शिरला. तो लिहिणारा विद्यार्थी म्हणजे वरच्याच निबंधातील मॉरिस यांचा मुलगा, रॉबर्ट टॅपन मॉरिस. शिरकाव करण्याचे त्याचे अनेक मार्ग होते आणि पासवर्ड ओळखणे हा त्यांतला एक. कृमी आधी खात्याचे नावच पासवर्ड म्हणून लावून पाही, मग तेच उलटे करून, मग स्वतःबरोबर आणलेल्या ४३२ शब्दांची यादी, आणि शेवटी यंत्रावरचा शब्दकोश.

आता प्रश्न असा, की तीन चुकांच्या नियमाने हे अंदाज अडवले असते का? नाही. कृमी हे शब्द प्रवेशद्वारापुढे टंकत नव्हताच. त्या काळी पासवर्डची कूटरूपे ज्या फाइलीत असत ती यंत्रावरील कोणालाही वाचता येई. कृमी ती फाइल वाचून कोपऱ्यात बसून गणित करत होता. दारावरचा पहारेकरी चुका मोजत राहिला असता आणि त्याच्या वहीत शून्य नोंदले गेले असते. पुढे ही कूटरूपे फक्त व्यवस्थापकाला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत हलवली गेली. खरा उपाय तो होता. आजही पासवर्डची फाइलच चोरीला जाते तेव्हा दारावरची मोजणी निरुपयोगी ठरते.

४३२ शब्द, एक दिवस

पण समजा चोर दारावरच आला. मग तरी नियम उपयोगी पडतो का? थोडे गणित करू.

नियम : तीन चुका, मग दहा मिनिटे बंद. सोपे जावे म्हणून असे धरू की प्रत्येक वेळी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तासात दहा मिनिटांचे सहा भाग, प्रत्येकात तीन अंदाज, म्हणजे तासाला १८. दिवसाला १८ × २४ = ४३२.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. योगायोग खरा, पण बोलका आहे. १९८८ च्या कृमीची सबंध यादी या कुलुपातून बरोबर एका दिवसात पार होते. प्रत्यक्षात जुन्या चुकाही पंधरा मिनिटांच्या हिशेबात धरल्या जात असल्याने वेग याहून कमी पडेल. एकाऐवजी दोन-तीन दिवस लागतील असे म्हणू. यंत्राला कंटाळा येत नाही.

आता याच काळात खऱ्या मालकाचे काय होते ते पाहा. चोर दर दहा मिनिटांनी खाते पुन्हा बंद पाडतो आहे. मालकाला आत जायला मिळणारी फट क्षणाएवढी. म्हणजे चोराचे काम सावकाश का होईना चालू राहते आणि मालकाचे काम पूर्ण थांबते. ज्याच्यासाठी कुलूप लावले तोच बाहेर!

‘मग कायमचे बंद करा’ असे यावर कोणी म्हणेल. तसे केले तर चोराचे अंदाज खरोखरच थांबतात. पण मग कोणाचेही खाते बंद पाडायला तीन चुका पुरतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तेच झाले होते.

नियम नक्की कोणाला वाचवतो?

आमचा मुख्य आक्षेप असा. चोर शहाणा असेल तर सर्वांत जास्त वापरला जाणारा पासवर्ड आधी लावतो, त्यानंतर दुसरा, मग तिसरा. तुमचा पासवर्ड या यादीत पहिल्या तिनांत असेल तर तीनची मर्यादा तुम्हांला वाचवत नाही; तो आधीच आत आला. तुमचा पासवर्ड चांगला असेल तर मर्यादा तीन असो की शंभर, फरक पडत नाही. केवळ सहा लहान इंग्रजी अक्षरे, पण खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेली, घेतली तरी शक्यता ३०,८९,१५,७७६ होतात. शंभर अंदाजांत ते सापडण्याची संधी सुमारे ३१ लाखांत एक. मग शंभराऐवजी तीन केल्याने कोण वाचले? फक्त ज्यांचा पासवर्ड यादीत चौथ्यापासून शंभराव्या क्रमांकापर्यंत आहे ते. त्यांना पासवर्ड बदलायला सांगणे हा सोपा उपाय असताना, उरलेल्या सर्वांना तिसऱ्या चुकीची धास्ती कशासाठी?

शिवाय शहाणा चोर एकाच दारावर तीनदा ठोठावतच नाही. संस्थेत १,२०० खाती असतील तर तो प्रत्येकावर दोनच अंदाज करतो. २,४०० अंदाज झाले आणि एकही खाते बंद पडले नाही. मॉरिस-थॉम्पसन यांचे ८६ टक्के आठवले तर यात त्याच्या हाती काहीच लागणार नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

चूक म्हणजे पुरावा नव्हे

नियमाचा पाया एका गृहीतकावर उभा आहे : वारंवार चुकणारा माणूस परका असावा. शिक्षकांनी हे गृहीतक जरा तपासून पाहावे.

आपल्याकडचे एक नेहमीचे उदाहरण घ्या. मुलाने मराठीत टंकलेखन केले, इनस्क्रिप्ट कळफलक तसाच चालू राहिला आणि तो बाहेर पडला. पुन्हा आत येताना तो पासवर्ड बिनचूक टंकतो, पण संगणकाला पोचतात देवनागरी अक्षरे. पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. नकार येतो. मूल तेच पुन्हा अधिक काळजीपूर्वक टंकते. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा एकेक कळ शोधून टंकते, आणि खाते बंद. इथे तीन चुका झाल्या नाहीत, एकच चूक तीनदा मोजली गेली. तोच पासवर्ड तीनदा देणारा माणूस अंदाज करत नसतो. अंदाज करणारा दर वेळी नवा शब्द देतो. एवढासा फरकही साधी मोजणी ओळखत नाही.

मोजणे सोपे असते आणि कारण शोधणे अवघड, म्हणून आपण मोजतो. उत्तरपत्रिका तपासतानाही हे होते. तीन गणिते चुकली एवढे लाल शाईने लिहिता येते. एकच वजाबाकीची चुकीची समजूत तिन्ही ठिकाणी नडली हे शोधायला वही पुन्हा उघडावी लागते.

मग पर्याय काय?

चुका मोजूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. कोणतीही मर्यादा नसेल तर यंत्र रात्रंदिवस अंदाज करत राहील. प्रश्न एवढाच आहे की मोजून काय करायचे.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या संगणक सुरक्षा केंद्राने १९८५ साली पासवर्ड-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. त्यातले सूत्र नववीच्या मुलालाही समजेल : पासवर्ड फुटण्याची संभाव्यता म्हणजे त्याचे आयुष्य गुणिले अंदाजांचा वेग, भागिले एकूण शक्यता. तिथे सुचवलेला वेग दर सेकंदाला एक ते दर मिनिटाला एक या मर्यादेत आहे. वरची सहा अक्षरे घेऊन वर्षभराचा हिशेब करू. सेकंदाला एक अंदाज असेल तर ३,१५,३६,००० अंदाज होतात आणि संधी जवळजवळ दहात एक. मिनिटाला एक असेल तर ५,२५,६०० अंदाज, आणि संधी सुमारे ५८८ मध्ये एक. केवळ वेग कमी केल्याने एवढा फरक पडला. दोन अक्षरे वाढवली तर संधी आणखी २६ × २६ म्हणजे ६७६ पटींनी घटते. आणि मालकाला जास्तीत जास्त मिनिटभर थांबावे लागते.

नंतरची मानकेही याच दिशेने सरकलेली दिसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत एका खात्यावरील लागोपाठ चुकांची कमाल मर्यादा १०० ठेवली आणि प्रत्येक चुकीनंतर वाढत जाणारी प्रतीक्षा हा पर्याय सुचवला. शंभर ही वरची मर्यादा आहे. त्याहून कमी ठेवायला मनाई नाही, हेही सांगायला हवे. कार्डाने होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांसाठी जे पीसीआय मानक आहे त्यात आधी सहा चुकांना खाते बंद होई. २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत ती संख्या दहा केली गेली.

खात्याऐवजी चुका ज्या पत्त्यावरून येतात तो पत्ता रोखणे हा आणखी एक पर्याय. ‘फेलटूबॅन’सारखी साधने ते करतात. यालाही मर्यादा आहे. सबंध शाळा बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसत असेल तर एका खोडकर मुलापायी सारी शाळा रोखली जाईल. आणि एक उपाय तर अगदी स्वस्त आहे : मालक आत आल्यावर त्याला सांगावे, ‘मागच्या वेळेनंतर तुमच्या नावावर इतके अयशस्वी प्रयत्न झाले.’ ते आपण केले की नाही हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

संगणक कक्षासाठी आमची शिफारस थोडक्यात अशी. खात्याचे नाव हजेरी क्रमांकावरून ठेवू नये. मर्यादा तीनऐवजी निदान दहा-वीस असावी. कुलूप थोड्या वेळाने आपोआप उघडावे. पहिला पासवर्ड शाळेनेच चिठ्ठ्या टाकून द्यावा आणि तो लांब असावा. आणि परीक्षेच्या दिवशी खाती उघडण्याचा अधिकार असलेला माणूस हजर असावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

चाळीस मुलांनी प्रत्येकी एक चार अंकी संख्या मनाने निवडून चिठ्ठीवर लिहावी. (घरचा खरा पिन कोणी लिहू नये, हे आधी बजावावे.) मग तीन खेळ खेळावेत. पहिल्यात एका मुलाची संख्या तीन प्रयत्नांत ओळखायची. दुसऱ्यात सगळ्या चाळीस जणांवर एकच अंदाज करायचा, उदाहरणार्थ १२३४, आणि किती जण सापडले ते मोजायचे. तिसऱ्यात काहीही ओळखायचे नाही, फक्त सर्वांना बंद पाडायचे. त्याला १२० चुकीचे अंदाज पुरतात, आणि तो खेळ खेळणारा कधीच हरत नाही. तिन्ही खेळांचे निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांनाच विचारावे : हा नियम तुम्ही ठेवाल का? ठेवलात तर त्यात काय बदल कराल?

त्या सकाळच्या मुलीने दोष स्वतःकडे घेतला, कारण नियम चुकू शकतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. परीक्षेचा पाऊण तास तिला नंतर वाढवून मिळाला. पण नियमही तपासून पाहायचा असतो, हे सांगायचे काम आपले आहे.